थँक्यू म्हणायचं नाही

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तीस वर्षं काढली. तिथे जमीन सरकारची, त्यामुळे शेजाऱ्यांशी भांडायला विषयच नव्हता. निवृत्तीनंतर नोएडात घर घेतलं, तर 'आप तो सरकारी आदमी हैं' म्हणत लोकांनी मला कॉलनीच्या तंटा समितीवर बसवलं. मी नोकरीभर फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवल्या, हे कुणी विचारलंच नाही. तेव्हापासून इतके किस्से साठलेत की ऐकायला पाहुणे कमी पडतात. नुसतं मिश्रा-भाटिया प्रकरणच घ्या.

*

पुढचा प्लॉट मिश्राजींचा, मागचा भाटियाजींचा. भाटियांची गाडी बाहेर काढायची तर मिश्रांच्या जागेतल्या अरुंद पट्टीवरूनच. मिश्रांना तिथे मुलीसाठी क्लिनिक बांधायचं होतं. आणि भाटियांच्या आईला, बीजींना, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागायचं.

पहिल्या मीटिंगला दोघं आपापली टेप घेऊन आले. पट्टी एक, मापं दोन. मी म्हटलं, समितीची टेप आणा. ती सेक्रेटरीच्या बायकोने पडद्यांसाठी नेली होती. मीटिंग तहकूब.

*

मग मिश्रांनी पट्टीत तुळशीची कुंडी आणून ठेवली. तिला हात लावायची कुणाची छाती? भाटिया आरसे मिटून कशीबशी गाडी काढायचे.

बीजी मात्र रोज पाणी घालायला यायच्या आणि "बेचारी को धूप नहीं मिलती" म्हणत काठीने कुंडी वीतभर ढकलायच्या. पंधरा दिवसांत तुळस मिश्रांच्या स्कूटरसमोर! मिश्राजी तक्रार घेऊन माझ्याकडे आले. मी नमस्कार केला, तुळशीला.

*

शेवटी वकील आले. दुसऱ्याच्या जागेतून वीस वर्षं परवानगीशिवाय उघड ये-जा केली तर वहिवाटीचा हक्क मिळतो, म्हणे. भाटियांची एकोणीस झाली होती. त्यांच्या वकिलाने बजावलं, "मिश्रांना विचारायचं नाही आणि थँक्यू तर मुळीच म्हणायचं नाही, नाहीतर परवानगी घेतल्यासारखं होईल." मिश्रांचा वकील म्हणाला, "तुम्ही रोज परवानगी देत राहा."

झालं. गाडी सुरू झाली की मिश्राजी गच्चीवरून ओरडायचे, "जाइए भाटियाजी, मेरी इजाज़त है."

भाटिया काच खाली करून, "पूछा किसने?"

मागच्या सीटवरून बीजी दोघांनाही आशीर्वाद द्यायच्या.

*

हे घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "एवढ्या वर्षांत तुम्ही मला एकदाही थँक्यू म्हणाला नाहीत. आपलीही केस चालू आहे का?"

मी चहा पिऊन समितीच्या ऑफिसात गेलो.

*

एका सकाळी बीजींना धाप लागली आणि भाटियांची गाडी काही केल्या सुरू होईना. मिश्राजी गच्चीत उभेच होते. ते बनियनवर खाली धावले, स्वतःची गाडी पट्टीतून उलटी नेत भाटियांच्या दाराला लावली आणि बीजींना घेऊन हॉस्पिटल गाठलं. मी गेटपाशी नुसता उभा. बीजी थोडक्यात वाचल्या.

चार दिवसांनी भाटिया बर्फीचा डबा घेऊन मिश्रांच्या दारात आले. सोबतीला मला नेलं होतं. मिश्राजींना बघताच त्यांचे डोळे भरले. त्यांनी बोलायला तोंड उघडलं.

मिश्राजींनी घाईघाईने डब्यातली बर्फी उचलली आणि त्यांच्या तोंडात कोंबली.

"चुप रहिए, भाटियाजी. आपका केस बिगड़ जाएगा."