भिंतीवरची जनावरं

"रडजो मंग. पहिले पाह्य."

सुई हातात घेण्याआधी भाऊ एवढंच म्हणायचे आणि वाकड्या मानेचा तपासणीचा दिवा भिंतीकडे वळवायचे. मग त्या उजेडात दोन्ही हात गुंफून कधी ससा उभा करायचे, कधी मोर. भोकाड पसरलेलं पोर आधी भिंतीकडे बघायचं, मग भाऊंकडे, आणि रडणं राहूनच जायचं.

धानोऱ्याच्या पुढे जंगलाला लागून आमचा लहानसा सरकारी दवाखाना. भाऊ तिथे ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स होते, मी औषधांच्या खिडकीवर. ती भिंत मला समोरच दिसायची. आपल्या कलेविषयी तिळभरही शंका नसलेला एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. भाऊ तसे होते. त्यांचा कुत्रा आणि कोल्हा हुबेहूब सारखे दिसायचे. एकदा मी तसं बोलून दाखवलं.

"बाई, कोल्हा लबाड दिसते. नीट पाहा."

मी नीट पाहिलं. तरी तो कुत्राच होता.

एका सकाळी एक आजी नातीला पाठुंगळी घेऊन आली. पोरगी सहा-सात वर्षांची, सिकलसेलची. रक्ताच्या त्या आजारातल्या अंगदुखीनं पार मुडपून गेलेली. सलाईन लगेच लावायला हवं होतं, पण तिनं दोन्ही मुठी काखेत दाबून धरल्या होत्या. तिला मराठी कळत नव्हतं, त्यामुळे भाऊंचं ठरलेलं वाक्यही वाया गेलं. ससा झाला, हत्ती झाला, मोर झाला. तिनं मान फिरवली.

"धरून लावू या," डॉक्टर म्हणाले.

"नाई डॉक्टर. आज धरलं तर उद्या हातच देनार नाई ते. थोडा टाइम द्या मले."

भाऊंनी पुन्हा ससा केला. या वेळी मुद्दाम कान पाडून. भिंतीवर डुकरासारखं काहीतरी दिसू लागलं.

"मलोल?" त्यांनी तिला विचारलं. गोंडीत ससा म्हणजे मलोल. असे गरजेपुरते शब्द त्यांनी शिकून घेतले होते.

पोरीनं भिंतीकडे पाहिलं. चेहऱ्यावर दुखणं होतंच, आता त्यात रागही आला. हा कसला मलोल! तिनं एक मूठ काखेतून सोडवली, उजेडात धरली आणि दोन बोटं ताठ केली. भिंतीवर खरा ससा उभा राहिला.

"वा रे वा! हा असाच ठेव. दुसरा हात मले दे."

आजीनं ते गोंडीत सांगितलं. दुसरा हात हळूहळू बाहेर आला. शीर पहिल्याच खेपेला मिळाली. सुई टोचली तेव्हा भिंतीवरचा ससा थरथरला, पण मोडला नाही.

पुढे एकदा चामोर्शीच्या रस्त्यावर भाऊंच्या गाडीला रानडुक्कर आडवं आलं. प्लास्टर निघालं, पण डाव्या हाताची दोन बोटं वळेनाशी झाली. सुई धरणारा उजवा हात शाबूत होता, म्हणून काम अडलं नाही. जनावरं मात्र गेली, असं आम्ही धरून चाललो.

कामावर परतल्यावर पहिल्याच दिवशी ते दिव्यापुढे त्या बोटांशी झटत बसले. मोर काही होईना. मला बघवेना, मी गोळ्यांची पाकिटं उगाच इकडची तिकडे करत राहिले. समोरचं पोर रडायच्या बेतात होतं. भाऊंनी भिंतीकडे बोट केलं.

"हे कोनतं जनावर आहे, सांग बरं?"

"मालूम नाई."

"मलेबी नाई. जंगलात नवीनच आलं दिसते. तूच नाव ठेव त्याचं."

त्यानंतर त्या भिंतीवर जी जनावरं आली, ती कुठल्याच जंगलात नव्हती. पाठीवर शिंग असलेली, दोन शेपट्यांची, चोच आणि सोंड दोन्ही असलेली. पोरं बारसं करायची आणि आईला घाई करून पुन्हा तपासणीला यायची, आपलं जनावर अजून आहे का ते बघायला. मोर पुन्हा कुणी मागितला नाही.

मग भाऊंची बदली झाली, सिरोंच्याकडे. आम्ही सगळे त्यांना पोचवायला स्टँडवर गेलो. उन्हं तिरपी झाली होती. बस वळली तसा खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला आणि स्टँडच्या पांढऱ्या भिंतीवर त्याची मोठी सावली पडली. सवयीनं मी ओळखायला गेले, हे कोणतं जनावर म्हणून.

कोणतंच नव्हतं. भाऊ नुसता हात हलवत होते.