हिरोचा पुढचा भाग
दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला, सरावलीतल्या आमच्या घरी, मुलगी, तिचा सातपाटीचा भागीदार आणि मी असताना, एका सिनेमावरून साहसी गेम बनवायच्या परवान्याचे दीड लाख त्याच्या निर्मात्याला द्यायचे ठरले. दोघांच्या छोट्या स्टुडिओचा स्वतःचा होडीचा गेम तेव्हा तीनशे जण खेळत. खिडकीतून कारखान्यांचा आंबूस वास येत होता. "सिनेमाचे लोक तुमच्या होडीकडे वळतील?" मी विचारलं. भागीदार हसला, "काका, आदी दारात येऊ तर द्या! आमाला वळखतो कोन?" सिनेमाच्या गेमला चाळीस हजार खेळाडू आले. त्यातले होडीपर्यंत अकरा पोहोचले. बाकीचे विचारत राहिले, हिरोचा पुढचा भाग कधी? मुलीने होडीचं काम थांबवलं. काल पुढच्या भागाच्या परवान्याचे तीन लाख त्याच निर्मात्याला भरले, आणि तिने पावती न वाचताच फायलीत लावली.