बोटाला शाई नव्हती

इंग्लंडातल्या लेस्टरच्या एका शाळेत मुलांना दुपारचं जेवण वाढणाऱ्या वैजयंतीबाई मूळच्या कऱ्हाडच्या. नवरा संजय हॉस्पिटलात तंत्रज्ञ. इथे येऊन चार वर्षं होत आली होती आणि सप्टेंबरात कायम राहण्यासाठी अर्ज करायचा होता.

त्याच जुलैत, २००४ साली, पार्लमेंटची पोटनिवडणूक लागली. लढत चुरशीची होती. वैजयंतीबाईंच्या नावाचंही मतदानाचं कार्ड आलं. सरकारनं बोलावलंय तर जायचं, एवढं त्यांना कळत होतं. त्यात मतदानाचा दिवस गुरुवार, दत्ताचा उपास. चर्चच्या हॉलमध्ये त्यांनी सवयीनं डाव्या हाताचं बोट पुढे केलं. टेबलामागचे आजोबा गोंधळले आणि हसून त्यांनी मतपत्रिका हातात दिली. शाई नाही, शिक्का नाही, नुसती दोरीला बांधलेली पेन्सिल.

शुक्रवारी कळलं, निकाल अवघ्या सोळा-सतराशे मतांनी लागला. संध्याकाळी मिल्टन कीन्सहून संजयचा मित्र गिरीश आला. चहा पिता पिता तो म्हणाला, "वहिनी, पासपोर्ट इंडियन आणि मत इथे? अर्ज गेला तुमचा."

वैजयंतीबाईंच्या मनात आलं, आपल्यापायी संजयचाही अर्ज बुडणार. संजय म्हणाला, बोटाला शाई नाही, कोण विचारतंय, गप्प बस. शनिवार-रविवार त्या देवापुढे दिवा लावून बसल्या, पण मन लागेना.

"शाई नसली तरी मत मीच दिलंय ना," असं म्हणून सोमवारी शाळा सुटल्यावर त्या पासपोर्ट घेऊन कौन्सिलच्या ऑफिसात गेल्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं कबूल केलं. काउंटरवरच्या बाईनं व्हिसा पाहिला, मतदार यादीतलं नाव पाहिलं. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, व्हिसा चालू आहे, तेव्हा मत द्यायचा हक्कच आहे, असं तिनं सावकाश समजावलं. मग लेस्टरची माणसं लाडानं म्हणतात तसं म्हणाली, "यू आर ऑल राइट, डक."

बाहेर कारंज्यापाशी बसून वैजयंतीबाईंनी सकाळपासून तसाच राहिलेला डबा उघडला. पोळी गार झाली होती, पण तीन दिवसांनी घास नीट उतरला. मग गिरीशला फोन लावला.

"भावजी, तुमचाही पासपोर्ट इंडियनच ना? कार्ड येत नाही तुम्हाला?"

"येतं. फाडून टाकतो दर वेळी."

"का?"

"चालत नाही असंच धरून बसलो, कुणाला विचारलं नाही कधी." वैजयंतीबाईंनी शांतपणे दुसरी पोळी मोडली.