जळल्या जागेवरची बैठक

नगरपालिकेची महापालिका झाली आणि आमच्या मीरा रोडला एकदम मोठं झाल्यासारखं वाटायला लागलं. त्याच सुमारास आमच्या नगरसेवकाच्या डोक्यात आलं, की पोलीस आणि अग्निशमन दल यांच्या कामावर लक्ष ठेवायला नागरिकांची एक समिती हवी. पोलीस जिल्ह्याचे, बंब महापालिकेचा, आणि दोघांनाही जाब विचारणारं इथलं कुणी नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणणं खोटं नव्हतं. फक्त बैठकांसाठी त्याने सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या सोसायटीचं ऑफिस मागितलं. मी सोसायटीची सेक्रेटरी, त्यामुळे चहा माझ्या घरून जायला लागला.

समितीचा मसुदा लिहायचं काम आमच्याच इमारतीतल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे आलं. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. साधं पाणी मागायचं तरी पोटकलम घालतील असा माणूस. अधिकाऱ्यांना बोलवायचं, प्रश्न विचारायचे, उत्तरं नोंदवायची आणि शेवटी 'जबाबदारी निश्चित करायची'. हे शेवटचे शब्द वाचताना त्यांचा आवाज भरून यायचा. मलाही ते पटत होतं. जाब विचारायला मला आवडतं, आमच्या घरी कुणालाही विचारा.

जुन्या गावांचं कुणीतरी हवं म्हणून समितीत गोडदेवच्या एक आजी होत्या. त्यांच्या भातशेतीवर आता इमारती उभ्या होत्या. गळ्यात ठसठशीत सोनं, दाराशी स्वतःची गाडी, आणि मसुद्याचं वाचन सुरू झालं की पाचव्या मिनिटाला डुलकी. एकदा काका 'जबाबदारी निश्चित' पर्यंत आले आणि आजींनी डोळे उघडले.

"आमचे गावान असं न्हाय करीत," त्या म्हणाल्या.

काकांनी चष्मा काढला. "मग कसं करतात?"

"कोनाचं घर जळलं का दुसरे दिवशी सगला गाव तिथंच बसायचा, जळले जागेवर. ज्याचं जळलं तो मधी. मग जो तो आपलाच सांगनार. मी कवा ऐकलं, मी काय केलं, काय न्हाय केलं. दुसऱ्याचं नाव घ्यायचं न्हाय. कोनी कोनाला विचारायचं न्हाय."

"आणि एखादा खोटं बोलला तर?"

"सगला गाव समोर बसलेला हाय. खोटा सांगनार कोनाला?"

काका समजुतीने हसले आणि पुढचं कलम वाचायला लागले. मीसुद्धा घरी जाऊन नवऱ्याला हे सांगून हसले. समितीला पुढे मंजुरी मिळालीच नाही, मसुदा महापालिकेच्या कुठल्यातरी कपाटात असेल. तिची म्हणावी अशी बैठक एकच झाली. आमच्या इमारतीला आग लागली म्हणून झाली.

भर दुपारची गोष्ट. तळमजल्यावरची मीटर रूम पेटली आणि सगळा धूर जिन्यातून वर चढला. मी नोकरीवर, माझ्या ऑफिसात होते. माझी मुलगी नुकतीच शाळेतून आलेली, तिला शेजारच्यांनी ओढत गच्चीवर नेलं. जिन्याने खाली येण्याची सोय नव्हती, म्हणून घरात होते ते बहुतेक सगळे गच्चीवर जमले आणि कठड्यावरून ओरडत राहिले. बंब आला, तोंडाला मास्क लावलेली माणसं त्या काळ्या जिन्यातून वर गेली आणि त्यांनी एकेकाला उतरवलं. मी धावत पळत पोचले तेव्हा माझी पोर खाली फुटपाथवर बसून कुणाचातरी रुमाल काळा करत होती.

एक माणूस राहिला. तिसऱ्या मजल्यावर काकांच्या समोरच्या घरात एक शिक्षिका राहायची, तिचे वडील. त्यांची स्मरणशक्ती गेली होती. घराबाहेर पडले की हरवायचे, एकदा पार बेव्हर्ली पार्कला सापडले होते. म्हणून ती शाळेत जाताना बाहेरून कडी लावायची. कुलूप मात्र घालायची नाही. काही झालं तर कुणालातरी दार उघडता आलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. धूर निवळल्यावर ते आतल्या बाजूला दाराशी बसलेले सापडले.

दिवसकार्य झाल्यावर एका संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. चहा घेतला नाही. "ताई, कुणी दारापर्यंत गेलं होतं का हो? की कडी बघून सगळ्यांना वाटलं, घरात कुणी नाही?" मी पोळ्या लाटत राहिले, आणि लाटणं आपटत होते हे मला नंतर कळलं.

तिकडे काकांनी आमची आग हेच समितीचं पहिलं प्रकरण म्हणून धरलं होतं. आगीनंतर ते सारखे लिहीतच बसलेले असायचे. पोलिसांना प्रश्न, बंबवाल्यांना प्रश्न, वॉचमनला प्रश्न. ते प्रश्न वाचले आणि मला पुढचं सगळं दिसायला लागलं. हा त्याच्यावर ढकलणार, तो ह्याच्यावर, आणि फिरून फिरून जबाबदारी जाऊन बसणार होती ती एका कडीवर. सगळ्या इमारतीसमोर. ती बाई त्यातून उठली नसती.

मी रिक्षा केली आणि गोडदेव गाठलं. आजी ओट्यावर बसल्या होत्या. मी म्हटलं, "आजी, तुमच्या गावासारखं बसायचंय." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी हसले असणार हे बहुधा त्यांनी ओळखलं होतं. मग म्हणाल्या, "बसू. मी बोलावते त्यांना."

फायर स्टेशनात आणि पोलीस ठाण्यात त्या स्वतः गेल्या. तिथे काय बोलल्या ते मला आजतागायत माहीत नाही. अधिकारी यायला बांधील नव्हते, कागद नव्हता, मंजुरी नव्हती. रविवारी सकाळी मीटर रूमच्या काळ्या भिंतीसमोर आम्ही सतरंज्या अंथरल्या, आणि दोघंही आले. वर्दीत आले, बूट काढून सतरंजीवर मांडी घालून बसले. मला तर तिथेच भरून आलं.

शिक्षिका मधे बसली. काका फाइल मांडीवर घेऊन. आजींनी नियम सांगितला आणि गप्प झाल्या. पहिल्या मजल्यावरची एक बाई सुरू झाली, "तो वॉचमन आहे ना..." आजींनी हात वर केला. "आपलाच सांग." ती बाई गांगरली. मग हळूच म्हणाली, "मी दाराला ओला टॉवेल लावला आणि आत बसले. शेजारी हाक मारली नाही."

मग तळमजल्यावरच्या किराणावाल्याने घसा साफ केला. "मैंने पहले अपना स्कूटर बाहर निकाला," तो म्हणाला, "फोन बाद में किया." एरवी त्या माणसाला आम्ही फाडून खाल्ला असता. त्या दिवशी कुणी मान वर केली नाही.

पोलीस अधिकारी म्हणाले, "गर्दीतून कुणीतरी विचारलं, वर कोणी राहिलंय का. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, नाही." खाकी वर्दीच्या तोंडून 'मला माहीत नव्हतं' हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. हे काय चाललंय, ही माणसं कुठून आणतायत हे बळ, असं मला होऊन गेलं.

अग्निशमनचे अधिकारी शेवटी बोलले. तरुणच होते. "गच्चीवरून ओरडा येत होता," ते म्हणाले. "मी दलातल्या पोरांना घेऊन वर निघालो. जाताना प्रत्येक मजल्यावर दारं ठोकली. तिसऱ्या मजल्यावरचं एक दार मी ठोकलं नाही. ठोकायला पाहिजे होतं."

एवढंच. कडी हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. ती त्यांनी बघितली होती, म्हणून तर ते पुढे गेले होते. तो एक शब्द बोलले असते तर सुटले असते, आणि त्यांना दोष द्यायची माझी तरी छाती नव्हती. ते ज्या जिन्याने पुढे चढत गेले त्याच्या वरच्या टोकाला माझी मुलगी उभी होती. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, की उठावं आणि या माणसाच्या पाया पडावं. माणूस इतका मोठा असू शकतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शिक्षिकेने डोळे पुसले. "त्या दाराला बाहेरून कडी होती," ती म्हणाली. आवाज वर्गात बोलल्यासारखा स्वच्छ. "मी लावली होती. रोज लावायचे."

ज्या वाक्याच्या भीतीने मी गोडदेवला गेले होते, ते तिने स्वतःच सगळ्यांसमोर ठेवलं. आजी खाली जमिनीकडे बघत होत्या.

मला वाटलं, झालं. इतक्यात काका उठून उभे राहिले. फाइल त्यांनी सतरंजीवर ठेवली होती.

"मी समोरच राहतो," ते म्हणाले. "रोज सकाळी ती कडी लागलेली मला ऐकू यायची. कुलूप का घालत नाही, तेही तिने मला सांगितलं होतं. मलाच सांगितलं होतं. त्या दिवशी धूर आला तेव्हा मी त्या दारासमोरून गच्चीवर गेलो." ते थांबले. "मी कडी काढली नाही."

त्यांना खाली बसता येईना. इतक्या माणसांत ते तसेच उभे राहिले, आणि त्यांच्याकडे बघायची कुणाची हिंमत होईना. ती एकटी बघत होती. विचारायचं नाही असा नियम होता, तिने काही विचारलं नाही. खूप वेळ बघत राहिली. मग ती थोडी सरकली, शेजारच्या जागेवर पडलेली काजळी तिने हाताने झटकली आणि म्हणाली, "बसा, काका."