कोणता गाल?

"सांगा बरं, कोणता?"

सकाळी खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवायच्या आधी मॅडम आमच्यापुढं उभ्या राहायच्या. आधी एक गाल पुढं करायच्या, मग दुसरा. मोबाईलवर पाहिलेला लेप त्या एकाच गालाला लावत आणि कोणत्या ते सांगत नसत. फरक आम्ही ओळखायचा.

मुखेडच्या आमच्या कार्यालयात हा खेळ कित्येक वर्षं चालला. मला याद्या करायची सवय, म्हणून नोंद माझ्याकडं: कोरफड, टोमॅटो, कॉफी, तांदळाचं पाणी. साहेब डावा म्हणायचे, मी उजवा.

"दोन्हीकून सारख्याच दिसून राहिल्या," शिपाईमामा म्हणायचे.

"मामा, हे कौतुक हाय का टोमणा?"

"नोकरी हाय मॅडम माझी. काय बी समजा."

मॅडमच्या गालांवर लहानपणच्या कांजण्यांचे खड्डे होते. त्यांचं त्यांना काही वाटत नसे. उपाय खोटे आहेत असंही त्या आधीच म्हणत नसत. "बघितल्याबिगर कसं म्हनू?" एवढंच.

अशात माझी मुलगी लातूरहून सणाला आली आणि परत जायला तयार होईना. परीक्षा तोंडावर. चेहऱ्यावर मुरमं आली होती, म्हणून घरातसुद्धा स्कार्फ बांधून बसायची. तिच्याच वयाची कुणी मुलगी व्हिडिओत आठवड्यात काचेसारखी झाली होती. हिनं तेच लावलं तर गाल भाजल्यासारखा लाल झाला. त्वचेच्या डॉक्टरांनी तो लेप बंद करायला लावला, मलम दिलं, म्हणाले, या वयात होतं, काही महिने लागतील. पण ती एकच म्हणायची, "मी वर्गात तोंड दाखवणार नाही." वर्ष वाया जाणार, ही धास्ती मला जेवू देईना.

मॅडम घरी आल्या. स्कार्फबद्दल चकार शब्द काढला नाही. तो व्हिडिओ मागून घेतला आणि पुन्हा पुन्हा पाहिला.

"माय, ह्या व्हिडिओतल्या पोरीच्या खोलीत खिडकी कुठं हाय गं?"

"काय की."

मॅडमनी आधी आमच्या खिडकीपाशी स्वतःचा फोटो काढला, मग कपाटापाशी. "बघ. खिडकीपाशी मावशी, कपाटापाशी आजी. लेप तर अजून लावलाच न्हाई!"

स्कार्फच्या आत काहीतरी हललं. हसू असावं.

जाताना म्हणाल्या, "त्या व्हिडिओतल्या पोरीचा लेप मी लावते. रोज रातच्याला फोटो धाडते. हापिसातल्यांची नजर गेली, तू सांग कोणता."

फोटो येऊ लागले. खड्ड्यांसकट, अर्धा चेहरा हळदीनं माखलेला. मुलगी ते मोठे करून बघायची. एका संध्याकाळी तिनं सरळ फोनच लावला.

"मॅडम, तुम्ही काल डाव्या गालाला लावलंत, आज उजव्याला!"

"न्हाई गं. कालचा फोटो बघूनच तर आज लावून राहिले."

"तिथंच चुकतंय! फोटोतली बाजू आरशासारखी नसते. समोर माणूस उभा असल्यासारखी उलटी असते. तुम्ही रोज गाल बदलताय!"

पलीकडं मॅडम एवढ्या हसल्या की फोन कानापासून लांब धरावा लागला. "मी तर पहिल्यापासनं आदल्या दिवसाचा फोटो बघूनच लावते. म्हंजे इतकी वर्षं मला सोताला म्हाईत न्हाई, कोणता!"

मुलगी हसता हसता उठली. गरम होतंय म्हणून स्कार्फ सोडून खुर्चीवर टाकला. त्याच आठवड्यात ती लातूरला गेली. गाडीत बसताना स्कार्फ मागितला, मी दिला. लगेच सगळं सुटतं असं नाही.

मॅडमच्या निवृत्तीला कार्यालयापुढं मोठा फ्लेक्स लागला. छापणाऱ्यानं प्रेमानं त्यांना गोरंपान केलं होतं. खड्डे साफ बुजलेले. मॅडम फ्लेक्सपुढं कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

"मामा, निवृत्त कोण होऊन राहिलंय?"

"तेच इचारतो मी मघापासनं."

मुलगी मुद्दाम लातूरहून आली होती. मुरमं थोडी गेली होती, थोडी होती. स्कार्फ गळ्यात. मॅडमनी तिची हनुवटी धरून चेहरा इकडं वळवला, तिकडं वळवला.

"सांग बरं, कोणता?"

"लावायचंच विसरले, मॅडम."

मॅडमनी तिच्या गालावरून हात फिरवला.

मग त्या जळकोटला, माहेरच्या गावी राहायला गेल्या. आम्ही स्टँडवर पोचवायला गेलो होतो. एसटी वळली तेव्हा खिडकीत त्यांचा एकच गाल दिसत होता, उन्हातला, खड्ड्यांसकट. कोणता, ते मी लिहून ठेवलं नाही.