चुलीवरची भाकरी आणि मावशीचा दम

या ब्लॉगवरचे नेहमीचे गडकिल्ले आज राहू द्या, या शनिवारी मी पुण्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेले. मांजरीत एकटी राहणाऱ्या माझ्या मावशीला दोन वर्षं दम लागतोय. हडपसरच्या एका संशोधन केंद्रात फुफ्फुसांच्या जुनाट आजारांवर अभ्यास चाललाय, त्यात तिला घेतात का ते पाहायचं होतं. खरं तर वर्षापूर्वीच न्यायला हवं होतं. मला ट्रेकमधून सवड झाली नाही.

वारज्याहून सकाळी सातच्या आत निघा, स्वारगेटला बस बदला. मांजरीहून मावशीला घेऊन हडपसरला जायला रिक्षा केली. वाटेत गरम वडे तळत होते, पण श्वासाच्या चाचणीआधी पोटभर खायचं नसतं, म्हणून दोघींनी चहावर भागवलं. तपासणी मोफत होती, रिक्षा मात्र नव्हती.

केंद्रातल्या बाईंनी मावशीच्या नाकाला चिमटा लावून तोंडात नळी दिली. "फुंका, फुंका, थांबू नका! अहो आजी, वाढदिवसाची मेणबत्ती नाही विझवायची. अजून जोर लावा."

"जोर आसता तर हितं आले आस्ते का?" मावशी खोकत म्हणाली.

डॉक्टरांनी विचारलं, "विडी ओढता? स्वयंपाक कशावर करता?"

"विडी न्हाई. आदी चूलच हुती, मग ल्योकानं गॅस आणला. पन शनवार-रविवार चूल पेटवते. पाव्हनं येत्यात भाकरी खायाला. हिनंच लिवलं ना मोबाईलवर, तवापासनं."

"आपण लिहिलंत?" डॉक्टर माझ्याकडे वळले.

होय, मीच. चुलीवरच्या भाकरीसाठी मांजरीला चला म्हणून पत्त्यासकट ब्लॉगवर लिहिलं होतं. उन्हात धूर काय सुंदर दिसतो म्हणून फोटो काढत होते, आणि मावशी त्याच धुरात डोळे पुसत होती. तो फोटो आठवून माझी मलाच लाज वाटली.

"अभ्यासात घेऊ यांना," डॉक्टर म्हणाले. "पण फुफ्फुसांची गेलेली ताकद परत येत नाही. उरलेली राखायची तर चूल बंद."

परतताना रिक्षात मावशी म्हणाली, "गॅसवर केल्या तर येतील का गं लोकं? घर भरल्यासारखं वाटायचं."

"येतील की," मी म्हणाले. मला ते खरं वाटत नव्हतं.

वारज्याला पोचल्या पोचल्या तो लेख बदलला: चूल बंद, भाकरी गॅसवर. काल रविवारी मावशीचा फोन आला.

"धा भाकरी केल्या... गॅसवरच. कुनी आलं न्हाई." एवढं बोलायला ती दोनदा थांबली. "तू तरी येतीस का खायाला?"