फ्रिजमधला समुद्रतळ

समुद्रापासून इतक्या लांब राहून मी पीएचडीसाठी समुद्रतळाचा गाळ निवडला, याचं आमच्या घरी कुणालाच कौतुक नव्हतं. अरबी समुद्राच्या तळातून काढलेला तो गाळ मी बर्फाच्या पेटीतून आणला आणि समुद्राच्याच पाण्यासकट प्लास्टिकच्या बाटल्यांत भरला. गाळातली सिलिका विरघळून किती दिवसांत पाण्यात किती उतरते, ते मोजायचं होतं. एका बाटलीत गाळ न घालता नुसतं पाणी ठेवलं, तुलनेसाठी. समुद्रतळाशी थंडी असते म्हणून बाटल्या फ्रिजमध्ये हव्यात, आणि प्रयोगशाळेतला फ्रिज नेमका तेव्हाच बंद पडला. म्हणून हा समुद्र मुकुंदवाडीतल्या आमच्या घरी, दह्याच्या पातेल्याशेजारी येऊन बसला.

सासूबाई अजिंठ्याकडच्या, उभा जन्म शेतात गेलेला. त्यांनी एक बाटली उघडून वास घेतला आणि लगेच बंद केली.

"हे कशाला आणलंस गं?"

मी सांगितलं. समुद्रात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात. त्या पाण्यातली सिलिका घेऊन स्वतःभोवती काचेचं घर बांधतात. मेल्या की घर खाली पडतं. बरंचसं वाटेतच विरघळतं, थोडं तळाच्या गाळात जातं. तिथंही विरघळत राहतं, आणि ती सिलिका पुन्हा वर पाण्यात जाते.

"म्हणजे पडक्या घराच्या विटा काढून दुसऱ्यानं घर बांधायचं," त्या म्हणाल्या. "मग काचंच्या बाटल्या कामून नाय घेतल्या? प्लास्टिक वाईट असतंय."

"काचेतही सिलिकाच असते, आई. तीच विरघळली तर?"

हे त्यांना पटलं.

मी रोज गाळाच्या प्रत्येक बाटलीतून थोडं पाणी काढून प्रयोगशाळेत न्यायचे. एक रसायन घातलं की पाणी निळं होतं. सिलिका जितकी जास्त, तितकं गडद. माझं पाणी दिवसेंदिवस गडद होत चाललं. पुस्तकात लिहिलेल्या वेगापेक्षा कितीतरी पुढे. माझे मार्गदर्शक सर एरवी मान वर न करणारे, ते परीक्षानळी खिडकीशी धरून उभे राहिले. "मॅडम, हे काहीतरी नवीन आहे," म्हणाले. चार दिवस मी हवेत होते.

पाचव्या दिवशी नुसत्या पाण्याची बाटली तपासली. ती आधीच तपासायला हवी होती, पण आळस केला होता. तिचंही पाणी गडद निळं झालं. गाळच नाही, मग सिलिका आली कुठून?

संध्याकाळी घरी आले तर सासूबाई फ्रिजसमोर तांब्या घेऊन उभ्या.

"आई, काय करताय?"

"पाणी भरतीय. तू रोज काढतीस, कमी होतंय. मला दिसत नाय व्हय? सगळ्यांत सारखं घालते, कुणाला कमी नाय."

तांब्यात आमच्या बोअरचं पाणी होतं. काळ्या खडकातून झिरपून आलेलं, खडकातली सिलिका घेऊन आलेलं. दुसऱ्या दिवशी ते तपासलं. ते सगळ्या बाटल्यांतल्या पाण्यापेक्षा गडद निळं निघालं.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "बोअर किती फूट आहे?" एवढंच विचारलं.

गाळ उरलेला होता, प्रयोग पहिल्यापासून लावला. काय झालं ते सासूबाईंना सांगितलं. त्याच दिवशी त्यांनी फ्रिजला दोरी बांधली आणि राखण सुरू केली. मी बाटली घ्यायला गेले की विचारायच्या, "किती काढणार?" एकदा दुधासाठी माझ्या नवऱ्याला पाच मिनिटं ताटकळत ठेवलं.

या वेळी निळा रंग सावकाश चढला आणि काही आठवड्यांनी चढायचा थांबला. गाळ शिल्लक होता, तरी पाण्यातली सिलिका वाढेना. मी आलेख घरी आणून त्यांना दाखवला. वर जाऊन सपाट झालेल्या रेषेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"पोट भरलं पाण्याचं," त्या म्हणाल्या. "आता नाय घेत."

प्रबंधात मी त्याला संपृक्तता म्हटलं आणि त्यावर नऊ पानं लिहिली. सरांनी त्यातली सहा खोडली.